क्वायरची जुनी गीतपुस्तकं कोणाला द्यावीत? आधी ती आजही कुठे गायली जातात ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे: चर्चच्या मंडळीने (तिथे एकत्र उपासना करणाऱ्या समूहाने) नवी गीतपुस्तकं घेतली आणि क्वायरची, म्हणजे तिथल्या गायकवृंदाची, जुनी जवळपास नव्वद पुस्तकं कपाटात आणि ऑर्गनमागच्या खोक्यांत पडून राहिली. टाकायचा धीर होत नाही, आणि "कोणाला हवीत का?" असं विचारलं तर कोणी पुढे येत नाही. त्यांचं काय करावं?

क्वायरच्या पुस्तकांची व्यवस्था मी बावीस वर्षं पाहतो आहे. या काळात आमचा संपूर्ण संच दोनदा बदलला, आणि इतर चार-पाच मंडळींचे जुने संच मार्गी लावायला मी हात दिला. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो. "कोणाला हवीत का?" असं विचारून उत्तर मिळत नाही. "हीच आवृत्ती आज कुठे गायली जाते?" असं विचारलं की मिळतं. कादंबरी एकट्याने वाचता येते. गीतपुस्तक वीस-तीस जणांनी एकाच वेळी, एकाच क्रमांकावर उघडायचं असतं. ज्या मंडळीत दुसरं पुस्तक चालतं तिला तुमची नव्वद पुस्तकं फुकट दिली तरी ओझंच होणार. पण जिथे हेच पुस्तक अजून दर रविवारी हातात घेतलं जातं, तिथल्या दहा-पंधरा प्रती फाटून गेलेल्या असतात आणि छपाई थांबल्यामुळे नव्या मिळत नसतात. तिथे तुमचं खोकं पोहोचलं तर लोक शब्दशः आनंदाने गातील.

म्हणून पुस्तकाचं नामपान उघडा आणि आवृत्तीचं वर्ष टिपून घ्या. नुसतं नाव पुरत नाही. 'बॅप्टिस्ट हिम्नल' (हिम्नल म्हणजे गीतपुस्तक) हेच घ्या. 1956, 1975, 1991 आणि 2008 अशी चार वेगवेगळी पुस्तकं जवळजवळ याच नावाने निघाली, आणि त्यांतले गीत क्रमांक जुळत नाहीत. एपिस्कोपल चर्चच्या 'द हिम्नल 1982'मध्ये नावातलं वर्ष मान्यतेचं आहे, पुस्तक छापून आलं 1985मध्ये. त्याआधीचं 1940चं पुस्तक वेगळंच. अमेरिकेतल्या लुथरन मंडळ्यांचं 1978चं पुस्तक लोक नुसतं "हिरवं पुस्तक" म्हणून ओळखतात. 2006मध्ये त्याच्या जागी नवं आलं, तरी काही ठिकाणी हिरवंच टिकून राहिलं. तेव्हा कव्हरच्या रंगावर आणि लोकांच्या आठवणीवर विसंबू नका. नाव, वर्ष, प्रकाशक, आणि असेल तर आयएसबीएन, एवढं कागदावर उतरलं पाहिजे.

आणखी एक फरक नीट पाहा. बाकांवर ठेवायची प्रत, फक्त शब्दांची प्रत, चार आवाजांच्या (सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस) स्वरलिपीची क्वायरची प्रत आणि वाद्यसाथीची मोठी, बहुधा स्पायरल किंवा रिंगांची बांधणी असलेली प्रत, ही चार निराळी पुस्तकं समजा, नाव एकच असलं तरी. काही जुनी पुस्तकं सोल्फातही (डो-रे-मीच्या अक्षरांत लिहिलेल्या स्वरलिपीत) मिळत. वाद्यसाथीच्या प्रती संख्येने मुळातच कमी छापल्या जातात आणि वाजवणाऱ्याच्या हाताखाली लवकर झिजतात. तुमच्याकडे तशा दोन-तीन असतील तर त्या शेवटपर्यंत राखा. नव्वद प्रतींच्या संचाला ग्राहक मिळत नसताना "साथीची प्रतही सोबत आहे" या एका वाक्यावर संच गेल्याचं मी दोन वेळा पाहिलं आहे.

देण्याआधी एक काम करायचं असतं, आणि ते राहून जातं: परवानगी. पुस्तकं क्वायरच्या कपाटात असली तरी ती मंडळीची असतात. पाळकांना सांगा, कमिटीच्या सभेत ठराव घ्या आणि तो इतिवृत्तात नोंदवून घ्या. दोन ओळी पुरतात. पण त्या दोन ओळी नसल्या तर दोन वर्षांनी कोणीतरी "आमची पुस्तकं कोणी वाटली?" असं विचारतं, आणि त्या वेळी उत्तर द्यायला तुम्ही एकटेच उरता.

मग येतात आतल्या चिठ्ठ्या. कव्हरच्या आत "अमुक यांच्या स्मरणार्थ" असं लिहिलेला कागद चिकटवलेला असतो. आमच्या पहिल्या संचात अशा एकतीस प्रती निघाल्या. मी प्रत्येक पुस्तक उघडून नावांची यादी केली, ती दोन रविवार उपासनेनंतर दाराजवळ लावली, आणि जे गाव सोडून गेले होते त्यांना फोन केले. एकोणीस कुटुंबांनी आपली प्रत मागून घेतली. एका बाईंनी वडिलांच्या नावाचं पुस्तक हातात घेतलं तर ते आपसूक एका पानावर उघडलं. त्या पानाच्या खालच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा काळपट डाग होता, कारण त्यांचे वडील बेसमध्ये गायचे आणि ते गीत दर महिन्याला व्हायचं. त्या काही बोलल्या नाहीत, पुस्तक छातीशी धरून गेल्या. तो आठवडा मला फार मोलाचा वाटतो, आणि म्हणून सांगतो, ही पायरी घाईत उरकू नका. ज्यांचे कोणीच सापडत नाही त्यांचा कागद तसाच राहू द्या. नवी मंडळी त्या नावासकट पुस्तक वापरेल, त्यात कमीपणा काही नाही.

आता छाननी. एक मोठं टेबल, चांगला उजेड आणि दोघे-तिघे मदतीला, एवढं असलं की नव्वद पुस्तकं एका दुपारी होतात. प्रत्येक पुस्तक मधोमध उघडून दोन्ही पुठ्ठे हलकेच मागे न्या. पुठ्ठा आणि पहिलं पान यांमधला सांधा सुटला आहे का ते कळतं. कण्याच्या वरच्या टोकाला बोट लावून पाहा. पुस्तक ओढून काढायच्या सवयीने तिथलं कापड फाटलेलं असतं. मग पहिला आणि शेवटचा फर्मा (एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा) तपासा, कारण पानं बहुतेक तिथूनच गळतात. क्वायरच्या पुस्तकांत पेन्सिलीच्या खुणा हमखास असतात: श्वासाच्या जागी स्वल्पविराम, "इथे थांबा", "आल्टो नको". त्या खोडू नका. हलक्या पेन्सिलीने पुस्तक बाद होत नाही आणि खोडताना जुना कागद मात्र फाटतो. शाईने भरलेली पानं असतील तर ती प्रत वेगळी ठेवा.

वासाकडे खास लक्ष द्या. कुबट वास आला आणि पानांवर करडे, हिरवट किंवा काळे मऊ ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. ते पुस्तक लगेच बाजूला, पिशवीत बंद. अशी एक प्रत खोक्यात गेली तर पोहोचेपर्यंत शेजारच्या प्रतींना लागते, आणि दुसऱ्याच्या कपाटात आपण बुरशी पाठवतो. तळघरात किंवा ओल असलेल्या भिंतीलगत ठेवलेली पुस्तकं आधी हवेशीर, कोरड्या खोलीत आठवडाभर उभी, किंचित उघडी ठेवा. उन्हात घालू नका, कव्हरं वाकतात. नुसता जुनाट वास असेल आणि ठिपके नसतील तर बंद डब्यात कोळशाच्या किंवा खाण्याच्या सोड्याच्या उघड्या वाटीशेजारी काही दिवस ठेवल्याने तो पुष्कळ उतरतो. कसर लागल्याची शंका असेल तर पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर पूर्ण दिवसभर पिशवी उघडू नका, नाहीतर पानांवर दव धरतं. थंडीने किडे मरतात, बुरशी मात्र मरत नाही, ती फक्त निद्रिस्त होते. पिवळी पडून मोडणारी पानं हा वेगळा दोष आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढे बराच काळ लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद वापरला जाई, तो वयाने ठिसूळ होतो. पानाचा कोपरा दोनदा घडी घातल्यावर तुटून हातात आला तर ते पुस्तक रोजच्या गाण्याला द्यायचं नाही.

छाननीतून सहसा तीन ढीग निघतात: निर्धास्तपणे देता येतील अशी, डागडुजी करून देता येतील अशी, आणि न देण्याजोगी. नव्वदात साठ पहिल्या ढिगात आली तर संच चांगला म्हणायचा.

मग निवेदन लिहायचं. माझा अनुभव असा की पुस्तकं जातात की पडून राहतात हे निम्मं या चार ओळींवर ठरतं. "जुनी गीतपुस्तकं मोफत" असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. मी असं लिहितो:

"देणे आहे: (पुस्तकाचं पूर्ण नाव), 1975ची आवृत्ती, (प्रकाशक). चार आवाजांच्या स्वरलिपीसह, पक्की बांधणी, मरून रंग. 58 प्रती चांगल्या, 14 प्रतींचा कणा दुरुस्त केलेला. वाद्यसाथीच्या 2 प्रती सोबत. आत मंडळीचा शिक्का आणि पेन्सिलीच्या खुणा आहेत, बुरशी नाही. एका प्रतीचं वजन साधारण 850 ग्रॅम. पूर्ण संच घेणाऱ्यास प्राधान्य, पण 10 प्रतींपासून पुढे देऊ. वाहतुकीचा खर्च घेणाऱ्याने करावा किंवा स्वतः येऊन न्यावीत. अमुक तारखेपर्यंत कळवावे."

सोबत तीन फोटो: एकत्र रचलेला ढीग, नामपान, आणि सर्वांत खराब प्रतीचा कणा. खराब प्रतीचा फोटो दिला की विश्वास बसतो आणि नंतरची कटकट टळते. शेवटची तारीख साधारण तीन महिन्यांनंतरची ठेवा. मंडळ्यांच्या कमिट्या महिन्यातून एकदा बसतात, त्यांना निर्णयाला वेळ लागतो.

हे निवेदन पाठवायचं कुठे? सर्वांत आधी तुमच्याच संप्रदायाच्या प्रांतिक किंवा जिल्हा कार्यालयाकडे. कोणती मंडळी कोणतं पुस्तक वापरते हे तिथल्या माणसाला बहुधा तोंडपाठ असतं. त्यानंतर ऑर्गन वाजवणाऱ्यांना विचारा. एकच ऑर्गनिस्ट दोन-तीन मंडळ्यांत वाजवतो, त्यामुळे प्रत्येक कपाटात काय आहे हे त्याला ठाऊक असतं. माझे अर्ध्याहून जास्त संच ऑर्गनिस्टांच्या सांगण्यावरून गेले. त्याखेरीज गीतांचा अभ्यास करणाऱ्यांच्या संस्था आहेत. अमेरिका आणि कॅनडातली हिम सोसायटी (इंग्रजी 'हिम' म्हणजे भक्तिगीत) 1922पासून, ब्रिटन आणि आयर्लंडमधली 1936पासून काम करते. त्यांच्या सभासदांत असा माणूस सापडतो ज्याला तुमचं पुस्तक कुठे गायलं जातं हे नक्की माहीत असतं.

हेच पुस्तक गाणारी मंडळी सापडली नाही तर पुढचा विचार असा करा: या पुस्तकातल्या कोणत्या गुणाचा कोणाला उपयोग आहे?

चार आवाजांची स्वरलिपी हा एक गुण. संगीत शिकवणाऱ्यांना हार्मनी आणि पाहताक्षणी गाणं शिकवायला छोटे, पूर्ण, चार आवाजांचे तुकडे लागतात, आणि गीतपुस्तकात ते पाच-सहाशे असतात. वर्गासाठी वीस एकसारख्या प्रती त्यांना दुसरीकडे सहज मिळत नाहीत. नवी क्वायर उभी करणाऱ्यालाही हेच लागू. पुस्तकाच्या शेवटी असलेल्या छंदसूचीचा (गीतांच्या ओळींतल्या अक्षरसंख्येनुसार केलेल्या यादीचा) उपयोग तर अनुभवी माणसालाही होतो. 8.6.8.6 अक्षरांचं, म्हणजे चार ओळींत अनुक्रमे 8, 6, 8 आणि 6 अक्षरं असलेलं, कुठलंही गीत त्याच मापाच्या कुठल्याही चालीवर गाता येतं. जॉन न्यूटन यांचं 'अमेझिंग ग्रेस' 1779मध्ये छापलं गेलं, पण आज जगभर ऐकू येणारी चाल त्याला 1835च्या सुमारास जोडली गेली. शब्द आणि चाल वेगवेगळ्या घरची असू शकतात, म्हणून जुन्या पुस्तकातल्या विस्मरणात गेलेल्या चाली नव्या गीतांना कामी येतात.

दुसरा गुण शब्दांचा. नव्या आवृत्तीत जुन्या गीतांचे शब्द बरेचदा बदललेले असतात. वृद्धाश्रमात किंवा रुग्णालयाच्या प्रार्थनागृहात बसलेल्या माणसाला लहानपणी पाठ झालेले शब्द हवे असतात. स्मृतिभ्रंश झालेल्या आजींना दिवस आठवत नाही, पण गीताचं तिसरं कडवं आठवतं. नव्या पुस्तकात तिथे वेगळा शब्द आला की त्या अडखळतात. जुन्या पुस्तकातून गायलं की अडखळत नाहीत. हे मी कितीतरी वेळा जवळ बसून पाहिलं आहे. अशा ठिकाणी साठ प्रती नको असतात, आठ-दहा पुरतात, आणि जाड पुस्तक हातात पेलत नाही म्हणून शब्दांची पातळ प्रत जास्त चालते. अक्षर मोठं करून देण्यासाठी झेरॉक्स काढण्याचा मोह होतो, तिथे सांभाळा. पुस्तक देऊन टाकायला परवानगी लागत नाही, पण पानांची नक्कल काढायला लागू शकते. बहुतेक देशांत लेखकाच्या मृत्यूनंतर 50 ते 70 वर्षं हक्क टिकतात. शिवाय मूळ गीत हक्कमुक्त असलं तरी त्याचं भाषांतर किंवा स्वरयोजना अलीकडची असू शकते. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं.

तुरुंगातल्या प्रार्थनेसाठी द्यायची असतील तर आधी तिथल्या धर्मगुरूंना विचारा. पुष्कळ ठिकाणी पक्क्या पुठ्ठ्याची पुस्तकं आत नेऊ देत नाहीत.

परदेशी पाठवण्याबद्दल स्पष्ट बोलतो, कारण इथे चांगल्या मनाने मोठी चूक होते. आमच्या पहिल्या वेळी आम्ही साठ प्रती दूरच्या एका संस्थेला न विचारता पाठवल्या. आम्हाला वाटलं, गरज असणारच. पुढे तिथे जाऊन आलेल्या ओळखीच्या माणसाने सांगितलं की खोकी दोन वर्षं न उघडता पडून आहेत. तिथली मंडळी दुसऱ्या भाषेत गात होती, आणि जकात कार्यालयातून खोकी सोडवायचा खर्च त्यांच्याच माथी पडला होता. त्यांनी आम्हाला कळवलंही नाही, संकोच वाटला असेल. चूक सर्वस्वी आमची होती. तेव्हापासून माझा नियम आहे: समोरच्याने पुस्तकाचं नाव, आवृत्ती आणि हवी असलेली संख्या स्वतःच्या शब्दांत लिहून मागितल्याशिवाय एकही खोकं निघत नाही. मागणी खरी असेल तर टपाल कार्यालयात 'एम बॅग'ची चौकशी करा. एकाच पत्त्यावर छापील साहित्य पाठवण्यासाठी आंतरराष्ट्रीय टपाल नियमांत ही सोय आहे आणि एका थैलीत 30 किलोपर्यंत माल जातो. प्रत्येक देशाचं टपाल खातं ती देतंच असं नाही.

बांधणीत एकच पथ्य: खोकं लहान घ्या. बारा-पंधरा पुस्तकांचं खोकं एका माणसाला उचलता येतं, तीसचं खालून फाटतं. पुस्तकं आडवी ठेवा, कणे आलटून पालटून, म्हणजे थर सपाट बसतो. मोकळ्या जागेत कागदाचे बोळे कोंबा. कणा वर करून उभी ठेवली तर प्रवासभर पानांचा सगळा भार शिलाईवर लटकतो. आत यादी घाला आणि जुन्या शिक्क्याशेजारी "मंडळीने भेट दिले" असं लिहा, म्हणजे पुस्तक चोरीचं वाटत नाही.

काही द्यायच्या आधी खरोखर जुनं काही निसटत नाही ना ते पाहा. 1640मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये छापलेल्या स्तोत्रपुस्तकाच्या दोन प्रती बॉस्टनच्या ओल्ड साउथ चर्चकडे होत्या. त्यांतली एक 2013मध्ये लिलावात 1 कोटी 41 लाख डॉलरच्या वर गेली. असं कोणाच्या कपाटात निघण्याची शक्यता जवळजवळ नाही, आणि विसाव्या शतकातल्या छापील गीतपुस्तकांना जुन्या बाजारात सहसा भाव येत नाही. दुर्मीळ असतं ते वेगळंच: टंकलेखन करून शिवलेली स्थानिक पुरवणी, एखाद्या पाळकाने केलेल्या भाषांतराची पन्नास प्रतींची छपाई, हाताने लिहिलेलं चालींचं वहीपुस्तक. हे ढिगात हटकून सापडतं आणि पातळ असल्याने सगळ्यात आधी रद्दीत जातं. ते धर्मशास्त्राच्या ग्रंथालयाला दाखवा. प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात लुई बेन्सन यांनी जमवलेला गीतपुस्तकांचा संग्रह आहे, एमरी विद्यापीठाच्या पिट्स ग्रंथालयातही मोठा संग्रह आहे. अशा ठिकाणी नेहमीचं पुस्तक नको असतं, ही पुरवणी मात्र ते हातात घेऊन पाहतात.

तीन महिने उलटल्यावर दहा-पंधरा प्रती उरतील. बुरशी लागलेल्या आणि पानं गळालेल्यांना घर शोधू नका. पुठ्ठे कापून वेगळे करा, आतला कागद रद्दीला द्या. मंडळीतल्या कोणाला ते खटकत असेल तर पाळकांशी बोलून शांतपणे करा. पानांपासून शोभेच्या वस्तू करणारे लोक चांगल्या प्रतीही मागतात. मी त्यांना फक्त मोडक्या देतो. धड बांधणीचं पुस्तक फाडायला देणं मला पटत नाही, ते आणखी एक वर्ष थांबू शकतं.

मंडळीच्या संग्रहासाठी तीन प्रती ठेवा: एक सर्वांत स्वच्छ, एक वाद्यसाथीची, आणि एक जिच्यावर पेन्सिलीच्या सर्वांत जास्त खुणा आहेत ती. तिसरीतच तुमची क्वायर कशी गायची ते लिहिलेलं आहे. तिच्या आतल्या पानावर बाकीच्या प्रती कोणत्या मंडळीला, किती आणि कोणत्या तारखेला गेल्या ते लिहून ठेवा.